कपिलेश्वर ते कुणकेश्वर: सेवेसाठी सामूहिक सायकलवारी कशी काढावी

बेळगावच्या कपिलेश्वराला आपल्याकडे दक्षिण काशी म्हणतात आणि देवगड तालुक्यात समुद्राला लागून असलेल्या कुणकेश्वराला कोकणची काशी म्हणतात. या दोन काशी सायकलने जोडाव्यात, वाटेत हरिपाठ म्हणावा आणि त्या निमित्ताने जमलेल्या पैशातून खानापूर तालुक्याच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात लांबून चालत शाळेला येणाऱ्या मुलांना सायकली द्याव्यात, असे आमच्या भजनी मंडळाने ठरवले, तेव्हा आमच्यापैकी एकालाही अशा कामाचा अनुभव नव्हता. परवानगी कोणाची घ्यायची, देणगीची पावती कोणी फाडायची, घाटात ब्रेक कसा धरायचा, हे सगळे आम्ही चुकतमाकत शिकलो. आता खानापूर, निपाणी आणि चिकोडीकडची मंडळेही आमच्याकडे हीच चौकशी करू लागली आहेत, म्हणून सारी माहिती क्रमाने लिहून काढली आहे.

वारकरी मंडळी शिवाच्या दर्शनाला सायकलने कशाला निघाली, असेही काही जण विचारतात. पंढरीच्या विठ्ठलाने मस्तकावर शिवलिंग धारण केले आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, त्यामुळे आमच्या मंडळात हा प्रश्न कधी उठलाच नाही. आमच्याबरोबर दोन ख्रिस्ती सहकारीही दरवर्षी येतात आणि सायंकाळच्या हरिपाठाला टाळ घेऊन बसतात.

१. मदत कोणाला द्यायची, ते सर्वांत आधी ठरवा

बहुतेक मंडळे आधी मार्ग आखतात, टी-शर्ट छापतात आणि पैसा कोणाला द्यायचा ते शेवटी पाहतात. असे केले तर देणगी मागायला गेल्यावर पहिल्याच दारात अडखळायला होते, कारण आपल्याकडचा माणूस पैसे देण्याआधी "कुणासाठी?" असे विचारतोच, आणि त्याने तसे विचारणे योग्यच आहे.

कर्नाटकात आठवीच्या मुलांना सायकल देण्याची शासकीय योजना २००६-०७ मध्ये सुरू झाली होती, परंतु कोविडच्या काळात तिला खंड पडला. त्या वेळी एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी आम्हाला वर्गाबाहेरच्या चपलांची रांग दाखवली. पावसाळा होता, आणि लांबून चालत येणाऱ्या मुलांच्या चपला चिखलाने इतक्या जड झाल्या होत्या की त्या कोणत्या आणि जवळच्या मुलांच्या कोणत्या, हे न विचारता कळत होते. सायकली द्यायच्या, हे त्या दिवशी ठरले.

तुमचा हेतू वेगळा असू शकेल. डायलिसिसचा खर्च असेल, श्रवणयंत्रे असतील किंवा एखाद्या वृद्धाश्रमाची गरज असेल, पण शाळा, रुग्णालय किंवा संस्था यांच्याकडून गरजेचे लेखी पत्र आधी घ्या. शाळा असेल, तर मुख्याध्यापकांबरोबर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, अध्यक्षांचीही सही घ्या. मुलांची निवड मंडळाने करू नये, ती शाळेवर सोपवावी. पहिल्या वर्षी आम्ही यादी स्वतः केली आणि एका वाडीतली दोन घरे सहा महिने आमच्याशी बोलत नव्हती.

२. पैसा कोणत्या वाटेने येईल, ते ठरवा

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या श्रद्धेवर विश्वास ठेवून लोक पैसे देतात, त्यामुळे हिशेबातली एका रुपयाची ढिलाईसुद्धा देवाच्या नावाला लागते.

वैयक्तिक बँक खात्यावर देणगी घेऊ नका. सोय म्हणून आम्ही पहिल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या खात्याचा क्यूआर कोड फिरवला. दोन महिन्यांनी त्या सज्जन माणसाला बँकेत जाऊन इतक्या लहान-लहान रकमा कोठून आल्या, हे समजावून सांगत बसावे लागले. तुमचे मंडळ कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियम, १९६० खाली नोंदलेले असेल आणि त्याचे स्वतःचे पॅन व खाते असेल, तर ते खाते वापरा. नसेल, तर घाईने नवी संस्था काढू नका. जिला मदत द्यायची आहे त्या संस्थेच्या किंवा एखाद्या विश्वासू नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावर देणगी थेट जमा होऊ द्या आणि आपण फक्त लोकांपर्यंत पोहोचवण्याचे काम करा.

देणगीदार प्राप्तिकरातल्या सवलतीबद्दल विचारतात. ८०जी या नावाने सर्वांना ठाऊक असलेली नोंदणी त्या संस्थेकडे असेल, तरच सवलतीचा शब्द द्या. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, हेही आधीच सांगा, म्हणजे नंतर वाद होणार नाही.

सीमाभागात आणखी एक अडचण हमखास येते. आपल्या अनेक घरांचे गोव्याशी नाते आहे आणि तिकडच्या कित्येक नातलगांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतले आहेत. अशा परदेशी नागरिकाकडून घेतलेली देणगी परकीय योगदान नियमन कायदा, २०१० खाली येते आणि त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. दुबईत नोकरी करणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला भाचा आपल्या बचतीतून पैसे पाठवतो, तेव्हा ही अडचण नसते. म्हणून परदेशातून पैसे घेण्याआधी नागरिकत्व विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच.

स्वारांचा खर्च आणि देणगी यांची वही एक असू नये. जेवण, मुक्काम, टेम्पोचे भाडे हे सारे सायकल चालवणाऱ्यांनी आपल्या खिशातून भरायचे आणि देणगीतला एक रुपयाही वाटेत खर्च करायचा नाही, असा आमच्याकडे नेम आहे. पावतीपुस्तकांवर अनुक्रमांक छापून घ्या आणि कोणते पुस्तक कोणाकडे दिले, त्याची नोंद ठेवा. वडगावात एका विणकर आजींनी पदराच्या गाठीतून नाणी काढून एक्कावन्न रुपये मोजून दिले आणि पावती हातात येईपर्यंत त्या दारातून हलल्या नाहीत. ती पावती त्यांनी देव्हाऱ्यात अंगाऱ्याच्या डबीखाली ठेवलेली मी पाहिली. तेव्हापासून आमच्याकडे पाच रुपयांचीही पावती फाडली जाते.

३. तारीख ठरवताना पंचांगाबाहेरही पाहा

आंबोली हे महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे, त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत घाटाचा भरवसा नसतो. फेब्रुवारीनंतर किनाऱ्यावरचा उकाडा नवख्यांना सोसत नाही. राहतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने.

डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन भरते. त्या काळात शहरात मोठा बंदोबस्त असतो आणि सीमेवर वाहनांची कसून तपासणी होते. सीमाप्रश्नावरून पाळला जाणारा १ नोव्हेंबरचा काळा दिवस आणि १७ जानेवारीचा हुतात्मा दिन यांचे महत्त्व आपल्या भागात कोणाला सांगायला नको. या तारखांच्या आसपास गटाने, झेंडा घेऊन, सीमा ओलांडणारी सायकलफेरी काढली, तर तिचा अर्थ कोणी वेगळाही लावू शकतो. आपला हेतू सेवेचा आहे, तेव्हा त्याला दुसरा रंग लागण्याची संधीच ठेवू नये.

महाशिवरात्रीला कुणकेश्वरची मोठी यात्रा भरते. त्या दिवशी पोहोचावे असे मनाला कितीही वाटले, तरी गर्दीतून सायकली नेता येत नाहीत आणि मुक्कामाला जागाही मिळत नाही. आम्ही शक्यतो पौष पौर्णिमेनंतरचा आठवडा धरतो. पहाटे आवरताना चांदणे मिळते आणि एकादशीच्या आत वारी पुरी होते.

ऊसतोडीचा हंगाम मात्र कोणतीही तारीख धरली, तरी चुकत नाही. चंदगडच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर सतत जात-येत असतात आणि त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

४. पत्रे आणि कागदपत्रे

पोलिसांना द्यायचे पत्र बेळगावात कन्नडमध्ये आणि महाराष्ट्राची हद्द जिथे लागते त्या शिनोळीच्या पुढे मराठीत असावे. त्यात मार्ग, तारखा, मुक्काम, स्वारांची संख्या, बरोबरच्या वाहनाचा क्रमांक आणि दोन जबाबदार व्यक्तींचे फोन क्रमांक एवढे लिहिले, तरी पुरते. बेळगाव शहर हद्दीसाठी पोलीस आयुक्तालयात आणि पुढे वाटेतल्या चंदगड, सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण व देवगड इथल्या पोलीस ठाण्यांत प्रत द्या. किमान तीन आठवडे आधी द्या आणि पोहोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. ध्वनिक्षेपक लावायचा असेल, तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो लावता येत नाही. आम्ही तो नेतच नाही, कारण टाळ-मृदंग पुरेसे आहेत.

टेम्पोवर लावायच्या कापडी फलकावर कन्नड आणि मराठी दोन्ही मजकूर ठेवा. कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा नियम आल्यापासून भाषेकडे बारीक लक्ष असते. दोन्ही भाषांत "विद्यार्थ्यांच्या सायकलींसाठी" हे शब्द ठळक लिहिल्यापासून आम्हाला कोणी अडवलेले नाही. उलट कन्नड बोलणाऱ्या एका दुकानदारांनी फलक वाचून, गाडी थांबवून केळ्यांचा घड दिला.

बरोबरच्या टेम्पोचे कागद स्वतः वाचून पाहा. केवळ कर्नाटकापुरता परवाना असलेला टेम्पो आम्ही एकदा ठरवला आणि सीमेपलीकडे गेल्यावर दंड भरून अर्धा दिवस गमावला. महाराष्ट्रात चालणारा परवाना, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय विसार देऊ नका. मालवाहू टेम्पोत माणसे बसवता येत नाहीत, म्हणून दमलेल्या स्वारांसाठी एक प्रवासी गाडी वेगळी लागते.

प्रत्येक स्वाराकडून पुढील कागद घ्यावेत:

- आधार कार्डाची प्रत, रक्तगट आणि घरच्या दोन माणसांचे फोन क्रमांक
- चाळिशीच्या पुढच्यांसाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र, त्यात रक्तदाब आणि मधुमेहाचा स्पष्ट उल्लेख
- चालू औषधांची यादी, स्वतःच्या अक्षरात
- नियम मान्य असल्याचे सही केलेले पत्र, आणि अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची संमती
- अपघात विम्याचा पुरावा

विम्यासाठी ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांना प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्यायला सांगा. १८ ते ७० वयाच्या बँक खातेदारांना वर्षाला २० रुपयांत २ लाख रुपयांपर्यंतचे अपघात संरक्षण मिळते. तिचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते, त्यामुळे गेल्या वर्षी घेतली होती एवढ्यावर विसंबू नका. खात्यातून यंदाचा हप्ता गेला आहे का, ते पासबुकात बघा.

५. सायकल आणि सामान

महागडी सायकल लागत नाही. आमच्या गटात साध्या काळ्या सायकलीवर वारी पुरी करणारे साठीतले गृहस्थ आहेत. तरीही घाट चढ-उतारासाठी गिअरची सायकल सोयीची पडते आणि उंचीला जुळणारी सायकल असेल, तर गुडघे दुखत नाहीत. निघण्याच्या पंधरा दिवस आधी सायकल दुकानात देऊन ब्रेकचे पॅड, तारा, टायर आणि चेन तपासून घ्या. आदल्या दिवशी नवे टायर किंवा नवी सीट बसवण्याचा मोह टाळा.

हेल्मेट नसेल, तर त्या व्यक्तीला निघू देऊ नका. या बाबतीत भिडस्तपणा करू नका, मग समोर मंडळाचे अध्यक्ष असोत की कीर्तनकार. मागचा लाल दिवा, पुढचा दिवा, घंटी आणि पाठीवर चकाकणारी पट्टी हेही हवेच.

प्रत्येकाने आपल्या मापाच्या दोन ट्यूब जवळ ठेवाव्यात. गिअरच्या सायकलींत ट्यूबचे तोंड सहसा दोन प्रकारचे असते, एक मोटारसायकलसारखे जाड आणि दुसरे बारीक. तुमच्या रिमला कोणते बसते, ते पाहून घ्या, कारण बारीक तोंडाची ट्यूब वाटेतल्या दुकानांत सहसा मिळत नाही. टेम्पोत उभा हवेचा पंप, पंक्चरचे सामान, टायर काढायच्या पट्ट्या, षटकोनी पान्यांचा संच, चेन जोडायचे अवजार, ब्रेकच्या जादा तारा आणि चेनचे तेल ठेवा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने चेन दोन दिवसांत करकरू लागते, म्हणून रोज संध्याकाळी ती कोरड्या फडक्याने पुसून थेंब-थेंब तेल द्या. वाळूत सायकल नेऊ नका. समुद्राच्या पाण्यात चाक बुडवून छायाचित्र काढणाऱ्यांना हौस फेडू द्या, पण लगेच गोड्या पाण्याने सायकल धुवायला लावा.

६. दोन महिन्यांचा सराव

आठवड्यातून तीन दिवस २० ते २५ किलोमीटर आणि रविवारी लांबची फेरी, एवढा सराव आठ आठवडे केला, की सामान्य प्रकृतीचा माणूस ही वारी करू शकतो. रविवारी बेळगाव ते जांबोटी आणि परत अशी फेरी घ्या. त्या रस्त्याच्या चढ-उतारांवर कोणाची तयारी किती झाली आहे, ते आपोआप कळते. निघण्यापूर्वी सलग दोन दिवस चालवण्याचा सराव एकदा तरी झाला पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटवर बसणे हेच खरे अवघड असते.

७. दिंडीची शिस्त रस्त्यावर आणा

सुरुवातीला आम्ही सायकल क्लबांप्रमाणे वेगवान मंडळींना पुढे सोडले. दुपारपर्यंत पहिला स्वार आणि शेवटचा स्वार यांच्यात मोठे अंतर पडले, आणि मागे राहिलेल्या दोन भगिनींची ट्यूब फुटली तेव्हा पंप पुढच्यांच्या सॅकमध्ये होता. त्या रात्री आमच्यातल्या जुन्या वारकऱ्यांनी विचारले की दिंडीत विणेकऱ्याला सोडून कोणी पुढे जातो का? तेव्हापासून आम्ही दिंडीचीच रचना ठेवली आहे.

सर्वांत पुढे झेंडेकरी. त्याने वेग ठरवायचा, आणि तो वेग गटातल्या सर्वांत सावकाश चालवणाऱ्या व्यक्तीचा असावा. मध्ये पाच-सहा जणांच्या तुकड्या, एकामागे एक, आणि दोन तुकड्यांमध्ये ट्रकला आत शिरता येईल एवढी मोकळी जागा. प्रत्येक तुकडीत एक पंप आणि प्रथमोपचाराची पिशवी. सर्वांत शेवटी चोपदार. चोपदाराच्या मागे कोणीही राहायचे नाही आणि त्याच्या मागे फक्त गाडी. चोपदार म्हणून गटातला सर्वांत दणकट आणि शांत स्वभावाचा माणूस निवडा.

उसाच्या ट्रॅक्टरविषयी नवख्यांनी विशेष सावध राहावे. पहिली ट्रॉली पुढे गेली, की माणूस सुटकेचा श्वास टाकून रस्त्याच्या मधोमध येतो आणि पाठोपाठ दुसरी ट्रॉली येते. ती वळणावर आतल्या बाजूला ओढली जाते आणि उसाची टोके दोन्ही अंगांनी बाहेर आलेली असतात. मागून ट्रॅक्टर येताच चोपदाराने दोनदा शिट्टी वाजवावी आणि सर्वांनी डांबर सोडून कडेला उतरावे. रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या कांड्यांवरून पुढचे चाक घसरते, तेव्हा त्या चुकवून चालवा.

कानात इअरफोन घालू नये, चालवताना भजन मोठ्याने म्हणू नये. नामस्मरण मनात करावे आणि कान रस्त्यावर ठेवावेत. अपघात झाल्यास रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक दोन्ही राज्यांत चालतात.

८. चार दिवसांची वाट

पहिला दिवस, बेळगाव ते आंबोली, सुमारे ६८ किलोमीटर. कपिलेश्वराचे दर्शन घेऊन सूर्योदयाला निघावे आणि हिंडलग्याच्या गणपतीपाशी पहिला थांबा घ्यावा. बेळगावकर ज्याला आजही वेंगुर्ला रोड म्हणतात तो हाच रस्ता. ब्रिटिश काळात बेळगावच्या छावणीचा माल वेंगुर्ले बंदरातून या वाटेने वर येत असे. बाची सोडले की शिनोळीला महाराष्ट्र लागतो. पुढे पाटणे फाटा, हलकर्णी, नागनवाडी आणि कानूर या क्रमाने गावे येतात. बेळगाव आणि आंबोली यांच्या उंचीत फार फरक नसला, तरी रस्ता सतत वर-खाली होतो. निपाणी-संकेश्वरकडचे स्वार गडहिंग्लज-आजरा मार्गाने थेट आंबोलीला येऊन आम्हाला मिळतात. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळचे देऊळ पाहावे आणि लवकर झोपावे.

दुसरा दिवस, आंबोली ते वेंगुर्ले, सुमारे ५८ किलोमीटर. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि ही सारी उंची दाणोलीपर्यंतच्या घाटात उतरायची असते. धुके विरेपर्यंत निघू नका, मग नऊ वाजले तरी चालेल. ब्रेक सतत दाबून धरला तर रिम तापते. एका वर्षी आमच्या एका मुलाने वळणावर थांबून मागच्या रिमवर बाटलीतले पाणी टाकले आणि तव्यावर टाकल्यासारखा चर्र आवाज झाला. रिम एवढी तापली, की आतली ट्यूब फुटू शकते. दोन्ही ब्रेक थोडा वेळ दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही. दर दोन किलोमीटरला थांबून रिमजवळ हात नेऊन पाहा. धबधब्यापाशी माकडे असतात, त्यांच्यासमोर पिशवी उघडू नका. फोनची रेंज घाटात तुटते, म्हणून उतरण्याआधी आणि दाणोलीला साटम महाराजांच्या समाधीपाशी अशी दोनदा शिरगणती करा. पुढे सावंतवाडीला मोती तलावाच्या काठी जेवण आणि संध्याकाळपर्यंत वेंगुर्ले.

वेंगुर्ल्यात पोहोचल्यावर काही जणांना १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे प्रसिद्ध असलेले शिरोडे पाहायची ओढ लागते. शिरोडे दक्षिणेला आहे आणि आपल्याला उत्तरेला जायचे आहे, तेव्हा तो फेरा वारीनंतर स्वतंत्रपणे करावा.

तिसरा दिवस, वेंगुर्ले ते मालवण, सुमारे ४८ किलोमीटर. नवख्यांची सर्वांत मोठी गैरसमजूत इथे उघडी पडते. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, असे समजून लोक घाट संपल्याचा आनंद करतात. प्रत्यक्षात कोकणचा किनारा खाड्यांनी चिरलेला आहे. प्रत्येक खाडीकडे उतरायचे, पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, पुन्हा चढायचे, असे दिवसभर चालते. चढ लांब नसतात, पण उभे असतात आणि सड्यावर सावलीचे एक झाड मिळत नाही. गुडघ्यांचा कस घाटापेक्षा इथे लागतो. चढ दिसला की खाली उतरून सायकल हाताने ढकलण्यात कमीपणा मानू नका.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. या दिवसांत सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे हलका वाहतो, पण अकरानंतर तो फिरतो आणि दुपारी वायव्येकडून समुद्रवारा सुटतो. आपण उत्तरेकडे जात असल्याने तो तोंडावर येतो. साडेसहाला निघून साडेअकरापर्यंत मुख्य अंतर कापले, तर दिवस सुखाचा जातो. उशिरा निघालेल्या गटाला म्हापण-परुळे ओलांडून कर्लीच्या खाडीपर्यंत येईतो उताराचीही मजा मिळत नाही, कारण वारा उतारावरसुद्धा पॅडल मारायला लावतो.

चौथा दिवस, मालवण ते कुणकेश्वर, आचरा आणि मिठबांवमार्गे सुमारे ४० किलोमीटर. आचऱ्याला रामेश्वराचे दर्शन घ्या. हा दिवस अंतराने सर्वांत लहान असला, तरी तीन दिवसांचा शीण अंगात असतो आणि पोहोचण्याच्या घाईत पडझड होते, म्हणून झेंडेकऱ्याने वेग आणखी कमी ठेवावा. कुणकेश्वराच्या अलीकडच्या उतारावर झाडांमधून आधी समुद्र दिसतो आणि मग शिखर. त्या वळणावर सर्वांनी थांबून, मागचे येईपर्यंत वाट पाहून, एकत्र खाली उतरावे, असा आमचा नेम आहे. देवस्थानाच्या कार्यालयाला महिनाभर आधी पत्र दिले असेल, तर दर्शनाची आणि राहण्याची चौकशी वेळेवर होते.

९. पाणी, अन्न आणि उपवास

तहान लागण्याआधी पाणी प्या. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंगातले मीठ निघून जाते. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळावे. घट्ट केल्याने ते अधिक गुणकारी होत नाही, उलट अपाय होतो. आमच्या पिशव्यांत केळी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, दशम्या आणि कोकमाचे आगळ असते.

श्रद्धेचा प्रश्न इथे नाजूक होतो. आमच्या एका सहकाऱ्यांचा सोमवारचा कडक उपवास होता. सकाळपासून पाण्याशिवाय काही न घेता त्यांनी कानूरपर्यंत सायकल चालवली, आणि तिथे थांबल्यावर त्यांना डोळ्यांसमोर अंधारी आली. चालत्या सायकलवर तसे झाले असते आणि मागे ट्रॅक्टर असता, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. आता आम्ही नोंदणीच्या वेळीच विचारतो. उपवास असेल तर केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू आणि ताक घ्यावेच लागेल, आणि तेही मान्य नसेल तर त्या दिवशी गाडीत बसावे लागेल. मधुमेहाच्या रुग्णांना तर डॉक्टरांचे लेखी मत आणल्याशिवाय उपवासात सायकल चालवू देत नाही. अनवाणी सायकल चालवण्याचा नवस बोललेलेही भेटतात. त्यांना आम्ही देवळाच्या शेवटच्या टप्प्यात अनवाणी चालायची विनंती करतो.

१०. परतणे, हिशेब आणि सायकली

परतीला सायकली टेम्पोत घालताना प्रत्येकीच्या मध्ये जुनी गोधडी घाला आणि गिअरची बाजू वर ठेवा. माणसांसाठी बस आधी ठरवा. पाचव्या दिवशी सायकलने घाट चढून येण्याचा उत्साह कोणी दाखवला, तरी त्याला गटाच्या जबाबदारीवर जाऊ देऊ नका.

पंधरा दिवसांच्या आत जमा रक्कम, पावत्यांचे अनुक्रमांक आणि खरेदीची बिले मंदिराच्या फलकावर लावा. रद्द झालेल्या पावत्याही पुस्तकात तशाच राहू द्या.

मुलांसाठी सायकली घेताना चकचकीत गिअरच्या सायकली घेऊ नका, त्यांचे सुटे भाग खेड्यात मिळत नाहीत. साधी, मजबूत, मागे कॅरिअर असलेली आणि चेनवर पूर्ण झाकण असलेली सायकल घ्या, म्हणजे मुलींचा गणवेश चेनमध्ये अडकत नाही. प्रत्येक सायकलीबरोबर कुलूप द्या आणि शाळेत एक पंप व पंक्चरचे सामान ठेवा. वाटपाचा समारंभ लहान ठेवा. मुलांना देणगीदारांसमोर रांगेत उभे करून छायाचित्रे काढणे आम्ही तिसऱ्या वर्षी बंद केले, कारण एका मुलीने फोटोसाठी हँडल धरले, पण मान वर केली नाही.

शाळा पुन्हा सुरू होण्याच्या सुमारास, पहिला पाऊस पडण्याआधी, तेलाचा डबा आणि पाने घेऊन त्या शाळेत एक दिवस जा. मुख्याध्यापकांना आधी कळवा, म्हणजे मुले सायकली घेऊन येतात. गेल्या वेळी चोवीसपैकी तीन सायकलींच्या ब्रेकच्या तारा गंजल्या होत्या आणि एकीची घंटी काढून घरच्या धाकट्या भावाच्या तीनचाकीला लावली होती. आम्ही तारा बदलल्या, आणि नवी घंटी नेली नव्हती म्हणून आमच्याच एका सायकलची काढून बसवली.